डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट : अस्वस्थ मुलाच्या घरापर्यंत जाणारी वाट

या स्मरणिकेत ज्यांचा परिचय करून द्यावा असे आम्हांस वाटले, ते डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट आपल्या समाजातले नव्हते आणि आपल्या धम्माचेही नव्हते. तरीही निवासी शाळा चालवणाऱ्या कोणालाही त्यांचे ऋण नाकारता येणार नाही. घर सोडून आलेल्या मुलांत काही मुले अशी असतात, की जी रात्री दचकून उठतात, दिवसेंदिवस बोलत नाहीत, क्षुल्लक कारणावरून हात उगारतात किंवा पळून जातात. अशा मुलांच्या मनाची संस्थात्मक काळजी आपल्या देशात प्रथम मुंबईत सुरू झाली, आणि तिच्या मुळाशी मॅन्शार्ट यांचे कार्य आहे.

शिकागो विद्यापीठात शिकलेले हे तरुण अमेरिकन १९२५ साली अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आले. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह उघडले होते. या दोन कार्यांचा परस्परांशी संबंध नव्हता. मात्र मूल कोणत्या परिस्थितीत वाढते, यावर त्याचे भवितव्य ठरते, ही जाण दोन्हींत होती.

मॅन्शार्ट यांनी भायखळ्याजवळची नागपाड्याची दाट वस्ती आपले कार्यक्षेत्र म्हणून निवडली. १९२६ साली तेथे नागपाडा नेबरहूड हाऊस उभे राहिले. लंडनचे टॉयन्बी हॉल आणि शिकागोचे हल हाऊस यांच्या धर्तीवरचे हे वस्तीकेंद्र होते. कार्यकर्त्याने वस्तीत राहावे, शेजाऱ्यांच्या अडचणी जवळून पाहाव्यात आणि त्यांच्याच सोबतीने मार्ग काढावा, हे त्यामागचे तत्त्व. केंद्राचे दार सर्व धर्मीयांना उघडे होते.

सेवेसाठी सद्भावना पुरेशी नसून शिक्षणही हवे, हे त्यांना या अनुभवातून उमगले. सर दोराबजी टाटा यांचे १९३२ साली निधन झाले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही देशातील समाजकार्याची पहिली शिक्षणसंस्था नागपाड्यातच सुरू झाली. मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक होते. पुढच्याच वर्षी, १९३७ साली, संस्थेने बालमार्गदर्शन केंद्र उघडले. त्या कार्यात मनोविकारतज्ज्ञ डॉ. के. आर. मसानी यांचा मोठा वाटा होता. शिकागोत डॉ. विल्यम हीली यांनी १९०९ साली सुरू केलेल्या प्रयोगाची ही भारतीय शाखाच म्हणावी लागेल.

त्या काळी बेफाम वागणाऱ्या मुलाच्या वाट्याला बहुधा मार, अंगारेधुपारे किंवा शाळेतून हकालपट्टी येई. १९२४ च्या मुंबई बालक अधिनियमामुळे गुन्ह्यात सापडलेल्या मुलांसाठी वेगळी व्यवस्था झाली होती. परंतु मुलाच्या हातून गुन्हा घडण्याआधी त्याची विचारपूस कोणी करावी, हा प्रश्न उरलाच होता. बालमार्गदर्शनाच्या पद्धतीने त्याला उत्तर दिले. मनोविकारतज्ज्ञ मुलाला तपासतो, मानसशास्त्रज्ञ त्याची बुद्धी व स्वभाव जाणून घेतो, आणि समाजकार्यकर्ता त्याच्या घरी व शाळेत जातो. एका खोलीत किती माणसे राहतात, वडिलांचे काम सुटले आहे काय, आई आजारी आहे काय, मास्तरांची छडी किती चालते, हे सारे निदानाचा भाग ठरते. उपचार एकट्या मुलावर होत नाहीत. आईवडिलांना आणि शिक्षकांनाही आपले वागणे बदलावे लागते. मूल शक्यतो आपल्या घरी, आपल्या वस्तीत राहून बरे व्हावे, हा या पद्धतीचा आग्रह आहे.

१९३७ सालीच मॅन्शार्ट यांनी भारतातील बालकांविषयी एक लेखसंग्रह संपादित केला. १९४१ साली त्यांनी संचालकपद सोडले आणि डॉ. जे. एम. कुमारप्पा यांनी धुरा घेतली. १९४४ साली संस्थेचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले. भायखळ्याहून ती आधी उपनगरात अंधेरीला आणि १९५४ साली देवनारला गेली.

आज उपनगरांतील पालकांना कूपर किंवा शीव रुग्णालयाच्या मनोविकार विभागात मुलाला नेता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार रुग्णालयात दाखल केलेल्या मुलाला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते आणि त्याच्याजवळ आपले माणूस असावे लागते. मात्र घरापर्यंत जाणारा समाजकार्यकर्ता आजही विरळाच आहे. तीव्र विकारात औषधे लागतात, ती टाळू नयेत. पण मूल ज्या घरात परतते ते घर तसेच राहिले, तर औषधाचा गुण टिकणे कठीण.

म्हणून आमची पालकांना विनंती आहे, की प्रवेशाच्या वेळी मुलाचा त्रास लपवू नये; तो सांगितल्याने मूल कमी ठरत नाही. शिक्षकांना विनंती अशी, की अवघड मुलाचा दाखला त्याच्या हाती देण्यापूर्वी एकदा त्याच्या घरी जाऊन यावे. आणि घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथे स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीतील अशा एका कुटुंबाची सोबत करावी. करुणा आपल्याला शिकवली गेली आहे. ती घेऊन कोणाच्या दारी जायचे, हे मॅन्शार्ट यांच्या कार्यातून कळते.