आधी मनात उभारलेली प्रयोगशाळा : डॉ. बिरबल साहनी

लखनौच्या चौकात चिकनच्या कापडावर लाकडी ठशांनी निळी वेलबुट्टी उमटविणारे कारागीर आजही दिसतात. तो ठसा म्हणजे केवळ आराखडा. त्यावर टाके घालणारे हात निराळेच असतात. ते काम पाहताना मला हटकून डॉ. बिरबल साहनी यांचे स्मरण होते. दगडांत उमटलेल्या पानांचे ठसे वाचण्यात त्यांनी आयुष्य वेचले.

त्यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी पंजाबातील भेरा या गावी झाला. वडील रुचिराम हे लाहोरला रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. केंब्रिजला सीवर्ड यांच्यापाशी अध्ययन करून बिरबल स्वदेशी परतले आणि १९२१ साली लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९३६ साली त्यांना लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले.

आम्हा महाराष्ट्रीयांना त्यांच्याविषयी विशेष आपुलकी वाटावी असे एक कारण आहे. आपला दख्खनचा काळा पाषाण लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झाला. दोन थरांमधील तळ्यांच्या गाळात त्या काळची झाडेझुडपे अश्मीभूत होऊन राहिली. नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा भागातील अशा अवशेषांचा साहनींनी कसून अभ्यास केला आणि त्यांवरून या पाषाणाच्या वयाचा वाद मांडला.

परंतु असे संशोधन करावयाचे कोठे? वनस्पतिशास्त्रज्ञाला दगड परका, तर भूशास्त्रज्ञाला पान परके. १९४३ साली विद्यापीठात भूशास्त्राचा विभाग निघाला, त्याची धुराही साहनींनीच वाहिली. तरी त्यांच्या मनात स्वतंत्र संस्थाच होती. संग्रहालय, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा यांना एकत्र नांदविणारी ही वास्तू कित्येक वर्षे केवळ त्यांच्या कल्पनेतच उभी होती. १९४६ च्या सप्टेंबरात संस्था स्थापन झाली ती विद्यापीठाच्या विभागातच. स्वतःचे ग्रंथ आणि जीवाश्म त्यांनी तिला देऊन टाकले. दोन वर्षांनी प्रांतिक सरकारने जागा व बंगला दिला.

सरकारी नोकरीत मी पुष्कळ कोनशिला पाहिल्या. बहुतेकींवर पाहुण्यांची नावेच काय ती ठळक असतात. साहनींची कोनशिला मात्र त्यांनी स्वतः घडविली, आणि तिच्यात निरनिराळ्या युगांतील अश्मीभूत वनस्पतींचे नमुने बसविले. इमारतीची एक वीटही रचली गेली नव्हती, तोच तिचे सारे शास्त्र त्या एका शिळेत आले होते! ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ती बसविली गेली. त्यानंतर आठवडाही पुरता लोटला नाही, तोच हृदयविकाराने साहनींचे निधन झाले.

पुढचे टाके त्यांच्या पत्नी सावित्री साहनी यांनी घातले. पतीवियोगाचे दुःख गिळून त्यांनी संस्थेचा भार उचलला, आणि २ जानेवारी १९५३ रोजी नव्या इमारतीचे उद्घाटन करण्यास पंडितजीच पुन्हा आले. साहनींचे नाव धारण करणाऱ्या या संस्थेच्या आवारातच त्यांची समाधी आहे. चौकातून गोमतीचा पूल ओलांडला, की विद्यापीठाच्या रस्त्यावर ही वास्तू लागते. महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यांना चिकनची खरेदी आटोपल्यावर मी आवर्जून तिकडे घेऊन जातो.