चतुर पंडितांची कमान

मागच्या दिवाळीत वेळापूरला गेले तेव्हा आजोबांनी त्यांच्या वहीतली एक बंदिश कॉम्प्युटरवर टाईप करायला दिली. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम! कोमल स्वराखालची रेघ जमली, पण मींडेची कमान काही जमेना. दोन स्वरांवर ओढायची आणि मागे एक अक्षर वाढलं की कमान भलत्याच स्वरांवर! वैतागून विचारलं, ही चिन्हं काढली कोणी?

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी. जन्म १० ऑगस्ट १८६०, मुंबईत वाळकेश्वरचा. १८८७ मध्ये वकिलीची पदवी घेतली, काही काळ कराचीत वकिलीही केली. डिग्री एक आणि ओढ दुसरीकडेच, आपल्यातल्या कित्येकांसारखी! १९०० मध्ये पत्नी गेली, १९०३ मध्ये मुलगी. त्यानंतर त्यांनी वकिली सोडली आणि पुढचं आयुष्य संगीताला दिलं.

त्या काळी चिजा घराण्याबाहेर सहसा जात नसत. उस्ताद गेले की कधी कधी त्यांच्याबरोबर चीजही जायची. भातखंडे गावोगाव फिरले, १९०४ मध्ये दक्षिणेतही गेले. पण ऐकलेलं कागदावर उतरवायचं कसं? त्यांची लिपी बघा किती साधी आहे: कोमलला खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. समेला फुली, खालीला शून्य. एका मात्रेतले स्वर बांधायला खालून कमान, मींडेला वरून. कॉन्व्हेंटमध्ये पाच रेघांचं नोटेशन शिकलेल्या मला हे पाच मिनिटांत कळलं.

या लिपीत 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत शेकडो बंदिशी छापल्या गेल्या. संस्कृत ग्रंथ मात्र त्यांनी 'चतुर पंडित' या नावाने लिहिला. १९१६ मध्ये बडोद्याला संगीत परिषद, १९२६ मध्ये लखनौला कॉलेज. आज तिथे त्यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे.

त्यांच्यावर टीकाही झाली, आणि मला ती अगदीच खोटी वाटत नाही. कमान कुठून कुठे जायचं ते सांगते, कसं जायचं ते नाही. पण तेवढंही लिहिलं नसतं तर?

१९३३ मध्ये पक्षाघाताने ते अंथरुणाला खिळले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीला, गेले.

माझ्या कमानी शेवटी मी प्रिंटआऊटवर पेनाने काढल्या. आजोबांनी चष्मा लावला, पेटी ओढली आणि त्यातली एक चुकलीय म्हणाले.