रुग्णाच्या संस्कृतीची नाडी ओळखणारे फॅनन

धाराशिव जिल्ह्यात घरातील माणसाचे मन बिघडले, की अनेक कुटुंबांची पावले प्रथम दर्ग्याकडे, देवस्थानाकडे किंवा देवऋष्याकडे वळतात. दवाखाना नंतर येतो. तेथे प्रश्न मराठीत विचारले जातात आणि समोरचा माणूस दखनीत, गोरमाटीत किंवा पारधी बोलीत आपले दुःख जुळवत असतो. ही दरी ओळखून प्रत्यक्ष रुग्णालयात काम करणाऱ्या आरंभीच्या मनोविकारतज्ज्ञांत फ्रांझ फॅनन यांचे नाव घ्यावे लागते. वसाहतवादाचे कठोर टीकाकार म्हणून ते जगाला ठाऊक आहेत. त्यांच्यातील डॉक्टर मात्र त्या कीर्तीआड झाकला गेला.

फॅनन यांचा जन्म २० जुलै १९२५ रोजी कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक या फ्रेंच वसाहतीत, कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. दुसऱ्या महायुद्धात ते फ्रान्सच्या बाजूने लढले, जखमी झाले. पुढे लिओं येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. तेथे उत्तर आफ्रिकी मजुरांच्या अंगदुखीला डॉक्टर ढोंग समजतात, हे पाहून त्यांनी १९५२ मध्ये त्यावर लेख लिहिला.

नोव्हेंबर १९५३ मध्ये ते अल्जेरियातील ब्लिडा येथील मनोरुग्णालयात रुजू झाले. अल्जेरियात मुस्लिम संख्येने बहुसंख्य, पण सत्तेच्या लेखी दुय्यम. अल्जेरियन माणसाचा मेंदूच अविकसित आहे, असे तेथील प्रतिष्ठित फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ शिकवीत असत. फॅनन यांच्या विभागात १६५ युरोपीय स्त्रिया आणि २२० मुस्लिम पुरुष होते. सभा, चित्रपट, संगीत, हस्तकला, रुग्णांचे वृत्तपत्र असे उपक्रम त्यांनी सुरू केले. स्त्रियांचा कक्ष काही आठवड्यांत बोलका झाला. पुरुषांच्या कक्षात मात्र सारे फसले. बहुतेकांना वाचता येत नव्हते, टोपल्या विणणे त्यांना बायकांचे काम वाटे आणि सभेतील बोलणे दुभाष्यामार्फत चाले.

दोष रुग्णांवर ढकलणे सोपे होते. फॅनन आणि त्यांचे तरुण सहकारी जाक अझुले यांनी तो उपचारपद्धतीत शोधला. युरोपीय चौकट मुस्लिम शेतकऱ्यांवर लादली गेली, असे त्यांनी १९५४ मध्ये लिहून प्रसिद्ध केले. मग आवारात अल्जेरियन पद्धतीचे कॉफीगृह आले, मुस्लिम सण साजरे होऊ लागले, गोष्टी सांगणारा कथेकरी येऊ लागला, नमाजासाठी मुफ्तींना बोलावले गेले. शेतकऱ्यांच्या हाती कुदळ आली.

१९५६ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. चित्र पाहून गोष्ट सांगायला लावणाऱ्या प्रचलित चाचणीसमोर मुस्लिम स्त्रिया गप्प राहत. त्या चित्रांतील घरे, पेहराव, माणसे यांपैकी काहीच त्यांच्या जगातले नव्हते. जिन्नाने झपाटल्याची समजूतही फॅनन यांनी हसण्यावारी नेली नाही. त्या समजुतीमुळे समाज रुग्णाला दोषी धरत नाही, हे त्यांनी नोंदवले. (त्याच समजुतीपोटी रुग्णाला साखळदंड घातले जातात, ही दुसरी बाजू भारताने २००१ मध्ये तमिळनाडूतील एरवाडीच्या आगीत पाहिली.) फॅनन यांच्या या कामानंतर सहा दशकांनी, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भारतीय रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क दिला. धर्म, जात, संस्कृती यांवरून भेदभावासही त्यात मनाई आहे.

१ नोव्हेंबर १९५४ रोजी अल्जेरियाचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले. छळ झालेले आणि छळ करणारे, दोघेही उपचारांसाठी फॅनन यांच्याकडे येऊ लागले. १९५६ च्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला. जानेवारी १९५७ मध्ये त्यांना हद्दपार करण्यात आले. ट्युनिसमध्ये त्यांनी रुग्णांना दिवसा उपचार देऊन रात्री घरी पाठवणारे केंद्र चालवले. ६ डिसेंबर १९६१ रोजी, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे अमेरिकेत निधन झाले. पार्थिव अल्जेरियाच्या मातीत दफन करण्यात आले. ब्लिडाच्या रुग्णालयाला आज त्यांचे नाव आहे. अरबी भाषेवर मात्र त्यांना प्रभुत्व मिळवता आले नाही. तेथील रुग्णांशी त्यांचे बोलणे दुभाष्यामार्फतच होत राहिले.