संशयापुढे हरलेला तर्कपंडित

अमेरिकेतील प्रिन्स्टनच्या रुग्णालयात १४ जानेवारी १९७८ रोजी ७१ वर्षांच्या एका गृहस्थाचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वजन जेमतेम ३० किलो होते. घरात अन्न होते, डॉक्टर हाताशी होते. पण कोणीतरी आपल्यावर विषप्रयोग करील या धास्तीने त्यांनी खाणेच सोडले होते. हे गृहस्थ म्हणजे कुर्ट गोडेल. विसाव्या शतकातील सर्वांत मोठे तर्कशास्त्रज्ञ म्हणून जग त्यांना ओळखते.

गोडेल यांचा जन्म २८ एप्रिल १९०६ रोजी तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतील आणि आता चेक प्रजासत्ताकात असलेल्या ब्रनो शहरात झाला. प्रत्येक गोष्टीचे कारण विचारण्याच्या खोडीमुळे घरात त्यांना 'श्रीयुत का' असे नाव पडले होते. बालपणी संधिवाताचा ताप येऊन गेला. पुढे त्या आजाराविषयी वाचनात आले आणि आपले हृदय कायमचे अधू झाले, असे या मुलाने ठरवून टाकले. डॉक्टरांचा निर्वाळाही हा समज पुसू शकला नाही.

व्हिएन्ना विद्यापीठात शिकलेल्या या तरुणाने पंचविशीही गाठण्यापूर्वी, १९३१ मध्ये, अपूर्णतेचा सिद्धांत प्रसिद्ध केला. अंकगणित सामावून घेणारी कोणतीही सुसंगत नियमपद्धती घ्या, तिच्यात सिद्धही करता येत नाहीत आणि खोडताही येत नाहीत अशी विधाने उरतातच, हे त्यांनी दाखवून दिले. गणितज्ञांचा जगभरचा आत्मविश्वास त्याने हादरला.

२२ जून १९३६ रोजी त्यांचे गुरुतुल्य प्राध्यापक मोरित्स श्लिक यांची विद्यापीठाच्या जिन्यावरच एका माजी विद्यार्थ्याने गोळ्या घालून हत्या केली. आधीच खचलेले गोडेल कोलमडले. विषाची भीती बळावली. पुढे पत्नी झालेल्या अडेल त्यांचे अन्न आधी स्वतः चाखून दाखवीत, मगच ते घास घेत. १९४० मध्ये हे दांपत्य सायबेरिया आणि जपानमार्गे अमेरिकेत पोहोचले. प्रिन्स्टनमध्ये आइन्स्टाइन यांच्याशी त्यांची मैत्री जडली; दोघे रोज बोलत बोलत पायीच घरी जात.

इतका काटेकोर मेंदू भ्रमाला बळी कसा पडला? वस्तुतः संशयग्रस्त माणूस तर्क सोडतो असे नाही. अनेकदा तो एका चुकीच्या गृहीतावर तर्काचा इमला चढवीत जातो. ब्रिटनमधील हक, गॅरेटी आणि हेम्सली यांनी १९८८ मध्ये मण्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन बरण्यांत दोन रंगांचे मणी, प्रमाण ८५ आणि १५ असे उलटसुलट. एकेक मणी पाहून तो कोणत्या बरणीतला हे ओळखायचे. भ्रमाने ग्रासलेले रुग्ण इतरांपेक्षा कमी मणी पाहूनच निर्णय देत. घाईने काढलेला हा निष्कर्ष मग सुटत नाही, कारण त्याची परीक्षाच होत नाही. अडेल यांनी चाखलेले अन्न खाऊन गोडेल सुखरूप राहिले, तर त्याचे श्रेय चाखण्याला मिळे. मुळात विष नव्हतेच, ही शक्यता तपासलीच जात नसे. अर्थात, दुरून कोणाचे निदान करणे योग्य नव्हे; पण गोडेल यांच्या वागण्यात हा साचा ओळखीचा वाटतो खरा. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्झ यांचे काही लेखन कटाने दडपले गेले, असेही ते मानीत.

१९७७ मध्ये अडेल आजारी पडून अनेक महिने रुग्णालयात राहिल्या. चाखणारे कोणी उरले नाही. जवळचे मित्र, अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर मॉर्गेनस्टर्न त्याच वर्षी जुलैत वारले. डिसेंबरमध्ये अडेल घरी परतल्या तेव्हा पती हाडांचा सापळा झाले होते. त्यांनी मन वळवून त्यांना रुग्णालयात नेले, पण उशीर झाला होता. व्यक्तिमत्त्वातील बिघाडामुळे झालेली उपासमार, असे कारण मृत्यूच्या दाखल्यावर नोंदले गेले. अडेल १९८१ मध्ये निवर्तल्या. प्रिन्स्टनच्या दफनभूमीत दोघांचे एकत्र दफन आहे.