पुस्तकांच्या गावातला वाटाड्या : डॉ. रंगनाथन

बालमित्रांनो, शाळेतल्या प्रकल्पासाठी तुम्हाला नेहमी माहिती शोधावी लागते. हवी ती माहिती स्वतःची स्वतः शोधता येणे ही एक विद्याच आहे. ही विद्या विद्यार्थ्यांना शिकवणे हे ग्रंथपालाचे कामच आहे, असे भारतात ठामपणे सांगणारे गृहस्थ म्हणजे डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन.

त्यांचा जन्म १८९२ साली, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या शियाळी या गावी झाला. ते सहा वर्षांचे असतानाच वडील वारले. बोलताना ते अडखळत असत. तरीही जिद्दीने शिकून ते गणिताचे एम. ए. झाले आणि मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागले.

१९२४ साली मद्रास विद्यापीठाने त्यांना आपले पहिले ग्रंथपाल नेमले. पण तिथे फारसे कोणी फिरकतच नसे! भरल्या वर्गाची सवय असलेले रंगनाथन थोड्याच दिवसांत कंटाळले आणि कॉलेजात परत घ्या म्हणून सांगायला गेले. आधी इंग्लंडला जाऊन हे काम शिकून या, मग हवे तर परत या, असे त्यांना सांगण्यात आले.

लंडनला त्यांना सेयर्स नावाचे गुरू भेटले. रंगनाथन यांनी तिथली शंभराहून अधिक ग्रंथालये पाहिली. मुले, कामगार, गृहिणी, सगळेच तिथे हक्काने येत. ग्रंथालय म्हणजे पुस्तकांची कोठी नव्हे, हे त्यांच्या मनावर ठसले. तिथल्याच एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, पण जोडणी बदलली की कधी गाडी, कधी पूल! पुस्तकाच्या विषयाचेही असेच करता येईल, असे त्यांना सुचले. समजा, भारतातल्या भातावरील रोगांचे पुस्तक आहे. भात, रोग, भारत असे विषयाचे तुकडे करायचे, प्रत्येकाला खूण द्यायची आणि मग त्या खुणा जोडायच्या. यातूनच १९३३ साली त्यांची कोलन वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली.

१९२५ साली मायदेशी परतल्यावर मात्र त्यांना कॉलेजची आठवणही झाली नाही. पुढची सुमारे वीस वर्षे त्यांनी मद्रासच्या ग्रंथालयाला वाहिली. वाचकांना थेट कपाटांपर्यंत जाऊ दिले. पण नुसती कपाटे उघडून काय होणार? नवखा विद्यार्थी हजारो पुस्तके पाहून बावरतो. म्हणून रंगनाथन यांनी नव्या विद्यार्थ्याला ग्रंथालयाची दीक्षा देण्याची कल्पना मांडली. ग्रंथपालाने त्याचे स्वागत करावे, सोबत हिंडून पुस्तके कशी लावली आहेत ते दाखवावे, सूची कशी पाहायची, कोश कसा उघडायचा ते समजावावे. छोट्या प्रश्नाचे उत्तर झटपट शोधून द्यावे. प्रश्न मोठा असेल तर वाचकाबरोबर बसून शोध घ्यावा. वाचकाच्या हाताला धरून चालवायचे ते, पुढे त्याला एकट्याने चालता यावे म्हणून. गणिताचा मास्तर शेवटी मास्तरच राहिला, फक्त त्याचा वर्ग मोठा झाला!

१९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. पुस्तक वापरले गेले पाहिजे, वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, असे त्यांचे साधे सांगणे. जगभरचे ग्रंथपाल आजही ही सूत्रे शिकतात. पुढे बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी सुमारे एक लाख पुस्तकांचे वर्गीकरण केले. १९५७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आयुष्यभराच्या बचतीतले एक लाख रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठाला, ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी दिले. त्याला आपले नाही, पत्नी शारदा यांचे नाव दिले. १९७२ साली बंगलोर येथे त्यांचे निधन झाले. १२ ऑगस्ट हा दिवस भारतात ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात.

आज संगणकावर बोट ठेवले की उत्तरांचा ढीग पडतो. पण त्यातले खरे कोणते, ते कोणी लिहिले, कधी लिहिले, हे पाहायला शिकावेच लागते. म्हणून पालकांनो, मुलांनी काही विचारले की लगेच उत्तर देऊ नका. एखाद्या शनिवारी त्यांना गावातल्या ग्रंथालयात घेऊन जा. आणि मुलांनो, तिथल्या ग्रंथपालांना विचारायला मुळीच लाजू नका. पुस्तक कुठे आहे एवढेच विचारू नका, ते कसे शोधायचे हेही विचारा!