लुई ब्रेल : अंधांच्या हाती पुस्तक देणारा ख्रिस्तभक्त

धर्मग्रामाच्या ज्युबिलीप्रसंगी संतांची व धर्मगुरूंची चरित्रे आठवावी, ही आपली जुनी रीत आहे. आम्ही येथे ज्याचे चरित्र सांगणार आहोत तो धर्मगुरू नव्हता, वेदीवर त्याची प्रतिमाही नाही. तो एक अंध शिक्षक व चर्चमधील ऑर्गनवादक होता. तथापि मुंबईत असो वा पॅरिसमध्ये, जो अंध मनुष्य आज पुस्तक मांडीवर घेऊन बोटांनी वाचतो, तो ह्या पुरुषाचा ऋणी आहे.

लुई ब्रेलचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्स देशात, पॅरिसच्या पूर्वेस दहा-बारा कोसांवरील कूव्रे ह्या गावी झाला. बाप सिमों-रने हा घोड्यांची खोगिरे व साज शिवणारा कारागीर. आईचे नाव मोनीक. चार भावंडांत लुई सर्वांत धाकटा. तीन वर्षांचा असता बापाच्या दुकानातील आर हाती घेऊन तो चामडे टोचू लागला. हत्यार निसटले व डोळ्यात गेले. जखम चिघळली, तिचे विष दुसऱ्या डोळ्यासही बाधले, आणि पाचव्या वर्षापर्यंत बालकाची दृष्टी समूळ गेली.

त्या काळी गरीब घरच्या अंधास चर्चच्या दाराशी भिक्षापात्र घेऊन बसण्यावाचून बहुधा गती नसे. लुईचे तसे झाले नाही, ह्याचे श्रेय त्याच्या आईबापांस आणि गावच्या धर्मगुरूंस आहे. फादर जाक पालुई ह्यांनी मुलास आपल्या निवासी बोलावून तोंडी पाठ दिले. गावच्या शाळामास्तरांनी त्यास डोळस मुलांच्या शेजारी बसविले. पुढे फादरांनीच गावच्या सरदारास गळ घालून पॅरिसच्या राजकीय अंधशाळेकडे शब्द टाकविला, आणि १५ फेब्रुवारी १८१९ रोजी दहा वर्षांचा लुई तेथे दाखल झाला.

ही शाळा एका जुन्या, दमट इमारतीत भरत असे. संत विन्सेंट द पॉल ह्यांनी आपल्या मिशन संघाचा पाया घातला तो ह्याच वास्तूत, आणि राज्यक्रांतीच्या दंगलीत सप्टेंबर १७९२ मध्ये अनेक धर्मगुरूंचे रक्त सांडले तेही येथेच. शाळेचे संस्थापक व्हालांतें आवी ह्यांनी जाड कागदावर नेहमीचीच अक्षरे ठशाने उठवून पुस्तके करविली होती. अंधास पुस्तक वाचता येते हे त्यांनी प्रथम जगास दाखविले. हा त्यांचा उपकार थोर होय. परंतु एकेका अक्षराचा आकार बोटाने चाचपावा, मग पुढले चाचपावे, अशाने ओळीच्या शेवटी पोहोचेतो तिचा आरंभ विस्मरणात जाई. पुस्तके अवजड, खर्चाची आणि अगदी मोजकी. शाळेचे ग्रंथालय म्हणजे एका फळीचा संसार. शिवाय त्या रीतीने अंधास स्वतः लिहिता येत नसे. जे डोळ्यांसाठी घडले होते तेच बोटांवर लादले गेले होते, हे ह्या व्यवस्थेतील मूळ वैगुण्य होय.

१८२१ साली शार्ल बार्बिए नावाच्या माजी सैनिकी अधिकाऱ्याने शाळेस एक नवी लिपी दाखविली. तीत उठावाची टिंबे होती व ती टोकदार लेखणीने हातांनी पाडता येत. मात्र एका चिन्हात बारापर्यंत टिंबे असल्याने ते एका बोटाच्या अग्रात मावत नसे. आणि ती केवळ उच्चार दाखवी, शुद्धलेखन, विरामचिन्हे व अंक ह्यांस तीत जागा नव्हती. लुईने दोष ओळखला. सुट्टीत कूव्रेस गेला असताही तो कागद टोचीत बसे. १८२४ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने टिंबांची संख्या सहावर आणली : दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन. एवढ्या घरात ६३ निरनिराळी चिन्हे बसतात, आणि प्रत्येक चिन्ह बोट न हलविता एका स्पर्शात कळते. ज्या जातीच्या हत्याराने त्याची दृष्टी हिरावली, तशाच अणकुचीदार साधनाने त्याने अंधांस अक्षर दिले.

१८२९ मध्ये ही पद्धती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्या पुस्तकाच्या नावातच शब्दलेखनाबरोबर संगीत व चर्चमधील साधे प्रार्थनागायन ह्यांचाही उल्लेख आहे, हे ख्रिस्ती वाचकांनी ध्यानात ठेवावे. ब्रेल स्वतः पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. उपासनेचे संगीत अंधांस स्वतः वाचता यावे, ही त्यांची आस आरंभापासून होती.

शोध लागला म्हणून मान्यता मिळाली असे झाले नाही. ब्रेल आता त्याच शाळेत शिक्षक होते, मुले ती लिपी आवडीने शिकत. परंतु डोळस अधिकाऱ्यांस ती परकी वाटे. डोळसांस वाचता येणार नाही अशी लिपी अंधांस समाजापासून तोडील, असा त्यांचा आक्षेप. १८४० मध्ये नवे मुख्याधिकारी आले व त्यांनी ब्रेललिपीस शाळेतून दूर सारले. विद्यार्थ्यांनी मात्र ती सोडली नाही. ती चोरून लिहिली, एकमेकांस शिकविली. अखेर अधिकाऱ्यांसच माघार घ्यावी लागली, आणि २२ फेब्रुवारी १८४४ रोजी शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनात ह्या लिपीचे जाहीर कौतुक झाले.

ब्रेल ह्यांस तारुण्यातच क्षयाने ग्रासले होते. स्वभावाने ते शांत, मितभाषी व उदार. गरजूंस त्यांनी दिलेल्या उसनवारीच्या चिठ्ठ्या एका पेटीत होत्या; ती आपल्या पश्चात न उघडता जाळावी, अशी त्यांनी आज्ञा केली होती, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. अखेरचे साक्रामेंत स्वीकारून ६ जानेवारी १८५२ रोजी, तीन राजांच्या सणादिवशी, वयाच्या ४३ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. फ्रान्सच्या सरकारने त्यांची लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती दोन वर्षांनी, १८५४ मध्ये. १९५२ साली त्यांच्या अस्थी राष्ट्रपुरुषांच्या पँथेऑन मंदिरात नेण्यात आल्या. हात मात्र कूव्रेच्या मातीतच ठेविले आहेत.

आपल्या महाराष्ट्रात मुंबईस १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलर्ड ह्यांनी अंधशाळा उघडली. देशात निरनिराळ्या भाषांस निरनिराळ्या ब्रेलपद्धती लावल्या गेल्याने पुढे गोंधळ माजला. तो १९५१ मध्ये भारती ब्रेल निश्चित झाल्याने मिटला. तीत मराठी अ हा एकाच टिंबाचा आहे, आणि पॅरिसच्या त्या मुलाने आपल्या पहिल्या अक्षरास तेच टिंब दिले होते. ऱ्हस्व वेलांटी छापात व्यंजनाआधी येते, ब्रेलमध्ये मात्र उच्चाराप्रमाणे मागून. १९५२ साली मुंबईत राष्ट्रीय अंध संघाची स्थापना झाली. २०१३ साली माराकेश येथे झालेल्या कराराने अंधांसाठी व छापील मजकूर वाचण्यास असमर्थ अशा इतरांसाठी पुस्तकांची रूपांतरे करण्याची व देशोदेशी पाठविण्याची वाट मोकळी केली. त्यास प्रथम संमती देणारे राष्ट्र आपला भारत होय (२०१४). २०१६ मध्ये सुगम्य पुस्तकालय सुरू झाले. त्यातील ग्रंथ घरबसल्या ऐकता अथवा ब्रेलमध्ये उतरविता येतात.

साधने वाढली, त्या दारापर्यंत नेऊन पोचविणारा मात्र अजूनही लागतो. पनवेल व आसपासच्या गावांत डोळे अधू झालेले वृद्ध आहेत, अक्षरे जुळविताना अडखळणारी मुले आहेत, जन्मांध बांधवही असतील. त्यांचे नाव ग्रंथालयात नोंदविणे, मिस्सेचे पाठ त्यांच्यासाठी ध्वनिमुद्रित करणे, ब्रेल शिकू पाहणाऱ्यास शाळेची वाट दाखविणे, ही कामे आपल्यापैकी कोणासही करता येतील. फादर पालुई ह्यांनी ह्याहून मोठे काही केले नव्हते : आपल्या धर्मग्रामातील एक अंध मूल त्यांनी ओळखले, त्यास शिकविले व त्याच्यासाठी शब्द टाकला. ज्युबिलीच्या ह्या वर्षी तशी सद्बुद्धी प्रभू आपणा सर्वांस देवो, हीच आमची प्रार्थना.