जोतीरावांचा हौद

महात्मा जोतीराव फुले यांचा जन्म १८२७ साली झाला. तरुणपणी ते एका ब्राह्मण मित्राच्या वरातीत गेले. माळ्याचा मुलगा आपल्याबरोबर चालतो, म्हणून लोकांनी त्यांचा अपमान केला. त्यांना फार वाईट वाटलं. पण मुलींना आणि अस्पृश्यांना तर याहून जास्त सोसावं लागतं, हे त्यांनी ओळखलं. १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. तिथे शिकवणाऱ्या सावित्रीबाईंवर लोकांनी शेण फेकलं, तरी त्या डगमगल्या नाहीत. अस्पृश्यांना पाणवठ्याला शिवू देत नसत. १८६८ साली जोतीरावांनी घरचा हौद त्यांना खुला केला. १८९० साली ते वारले.

शाळेत आपण सगळे एकाच माठातलं पाणी पितो. मग घरी कुणाला वेगळा पेला कशाला?